शिमुरामामांची बाजू



व्हिडिओ गेम हा शब्द या वार्तापत्रात आजवर बहुधा तक्रारीच्याच सुरात छापला गेला आहे. मुले जेवायला उठत नाहीत, चष्म्याचे नंबर वाढले, अवांतर वाचन सुटले. या तक्रारी खऱ्या आहेत आणि आज आम्ही त्या खोडून काढायला बसलेलो नाही. पण आमचे जे विद्यार्थी आता कॉलेजात आहेत किंवा नोकरीला लागले आहेत, त्यांच्याशी गप्पा मारताना एका खेळाचे नाव वारंवार निघू लागले. त्या खेळाच्या शेवटावरून त्यांच्यात इतका कडाक्याचा वाद झाला की आम्हालाही राहवेना. आम्ही तो खेळ आधी शेजारी बसून पाहिला, मग स्वतः खेळलो. आणि आमचे मत असे झाले की आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी या गोष्टीतल्या म्हाताऱ्यावर अन्याय केला आहे. त्या म्हाताऱ्याची वकिली करण्यासाठी हा लेख.

खेळाचे नाव 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. अमेरिकेतल्या सकर पंच या कंपनीने तो १७ जुलै २०२० रोजी प्लेस्टेशनसाठी आणला. मे २०२४ पासून तो घरच्या संगणकावरही खेळता येतो, अर्थात संगणक दणकट असेल तर. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. युरोपात या खेळावर अठरा वर्षांचा शिक्का आहे, अमेरिकेत सतराचा. तलवारीचा खेळ आहे, रक्त सांडते, आणि ते दाखवण्यात हात आखडता घेतलेला नाही. तेव्हा सातवी-आठवीतल्या मुलांनी हा लेख घरी परवानगीची चिठ्ठी म्हणून दाखवू नये.

त्सुशिमा हे कोरिया आणि जपान यांच्या मधल्या समुद्रातले डोंगराळ बेट. १२७४ च्या नोव्हेंबरात कुब्लाई खानाचे आरमार कोरियाहून निघाले ते पहिल्यांदा इथे लागले. बेटाचा कारभार पाहणारा सो सुकेकुनी ऐंशीएक घोडेस्वार घेऊन कोमोदाच्या किनाऱ्यावर सामोरा गेला आणि तिथेच पडला. मंगोल पुढे इकी बेट घेऊन हाकाताच्या उपसागरात उतरले आणि तिथून मागे फिरले. १२८१ साली ते आणखी मोठे आरमार घेऊन आले आणि वादळात बुडाले. त्या वाऱ्याला जपान्यांनी 'कामिकाझे' म्हणजे दैवी वारा म्हटले. हा झाला इतिहास.

खेळ सुरू होतो तो याच कोमोदाच्या वाळूत, याच ऐंशी सामुराईंबरोबर. माणसे मात्र कल्पनेतली आहेत. बेटाचे प्रमुख सरदार शिमुरा, त्यांचा भाचा जिन साकाई, आणि समोर कुब्लाईचा भाऊबंद म्हणून रंगवलेला खोतुन खान. रीतीप्रमाणे शिमुरा आपल्यातल्या एका नामांकित वीराला पुढे पाठवतात. तो घोड्यावरून एकटा जातो, आपले नाव-कुळ मोठ्याने सांगतो आणि द्वंद्वाचे आव्हान देतो. खोतुन खान शांतपणे हातातला प्याला त्याच्या अंगावर रिकामा करतो, मशालीने पेटवतो आणि त्याचे मुंडके उडवतो. मग सैन्य तुटून पडते. ऐंशीतले दोनच उरतात. शिमुरा कैद होतात आणि जिन प्रेतांच्या खचात अर्धमेला पडलेला असतो. त्याला उचलून जगवते ती युना नावाची एक चोर बाई.

यापुढची गोष्ट म्हणजे जिन कसा बदलत गेला याची गोष्ट. मामाला सोडवायला तो आधी सरळ वाटेने, दिवसाढवळ्या, पुलावरून तलवार उपसून जातो आणि खान त्याला त्याच पुलावरून खाली फेकून देतो. मग युना त्याला अंधारात चालायला शिकवते. पाठीमागून वार, धुराचे गोळे, गवतात दबा, फुंकणीतून विषारी काटे. गावोगावचे लोक त्याला मेलेल्यातून उठून आलेले भूत म्हणू लागतात. खेळाच्या नावातले 'घोस्ट' ते हेच.

आता मामांविषयी. खेळात इंग्रजीत 'अंकल' म्हणतात, आणि त्या एका शब्दात काका, मामा, मावसा सगळेच कोंबलेले असतात. पण आडनावे वेगळी, जिनची आई शिमुरांच्या घरची, म्हणून हे मामा. मामा म्हटले की आपल्याला एक तर चांदोमामा आठवतो, नाही तर कंस आणि शकुनी. शिमुरामामा दोन्हींत बसत नाहीत. जिनचा बाप त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला तेव्हा जिन लहान होता, भीतीने लपून राहिला होता. त्या पोराला मामांनी वाढवले, लाकडी तलवार हातात देऊन उभे राहायला शिकवले, आणि आता म्हातारपणी, स्वतःला मूलबाळ नसताना, ते त्याला रीतसर दत्तक घेऊन आपली गादी देणार आहेत. दत्तकाचा तो कागद या खेळातल्या कोणत्याही तलवारीपेक्षा आम्हाला जास्त धारदार वाटला. दत्तकावरून संस्थाने गेलेली आणि घराणी भांडलेली ज्यांनी ऐकली आहेत, त्या आपल्या लोकांना तो कागद समजावून सांगायला नको.

आमच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शत्रू पेटवून मारतो आहे, गावे जाळतो आहे, आणि हा म्हातारा म्हणतो समोरून लढा, नावे सांगून लढा. मूर्खपणा आहे. एकाने तर तोंडावरच सांगितले, "सर, आपण लहानपणापासून गनिमी कावा ऐकतो. यात वाद घालण्यासारखे आहे काय?"

हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत शिवचरित्र हे शाळेच्या पुस्तकातून कमी आणि आजीच्या तोंडून जास्त आलेले असते. एप्रिल १६६३ मधला लाल महालावरचा छापा, रात्रीची वेळ, अंधारात तुटलेली शायिस्ताखानाची बोटे, हे सगळे आपल्याला अभिमानाने पाठ असते. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला हरवायचे तर दुसरा मार्ग नसतो, हे मराठी माणसाला पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच जपानी किंवा अमेरिकन खेळाडूला जिनचा निर्णय घेताना जी टोचणी लागते, ती आपल्या मुलांना लागतच नाही. ती पहिल्या दिवसापासून जिनच्या बाजूला असतात. पण आपल्याकडे रात्रीच्या छाप्याची दुसरीही एक गोष्ट आहे. महाभारतातल्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो, द्रौपदीच्या पाच मुलांना मारतो, आणि त्याच्या कपाळावरची जखम आजही भळभळते आहे असे आपण मानतो. दोन्ही ठिकाणी अंधार, दोन्ही ठिकाणी झोपेत असलेला शत्रू. एकाचा पोवाडा होतो, दुसऱ्याला शाप मिळतो. फरक कोठे आहे? शिमुरामामा हाच प्रश्न विचारत आहेत आणि आमची मुले तो प्रश्न न ऐकताच बटण दाबून पुढे जातात.

प्रश्न खरा आहे हे खेळ स्वतःच दाखवून देतो. मामांचा किल्ला मंगोलांच्या ताब्यात आहे. मामा पुलावरून समोरासमोर हल्ला चढवतात, मंगोल पूल उडवून देतात, पुष्कळ माणसे मरतात. मामा म्हणतात, सकाळी पुन्हा. जिनला ते सहन होत नाही. तो रात्री एकटा किल्ल्यात शिरतो आणि मंगोलांच्या पेयात विष कालवतो. आपल्याकडच्या बचनागाच्या जातीचे ते विष. पहाटेपर्यंत सगळा किल्ला तडफडून मेलेला असतो. आपला एकही माणूस न गमावता विजय! खेळणाऱ्याला इथे आनंद व्हायला हवा, पण तो होत नाही, कारण खेळ आपल्याला त्या मरणाऱ्यांच्या मधून, सावकाश, चालत नेतो. आणि पुढच्या भागात बेटाच्या उत्तरेला पोचल्यावर दिसते की मंगोल तेच विष बनवायला शिकले आहेत आणि आता ते बेटाच्याच माणसांवर वापरत आहेत.

विद्या एकदा हातातून सुटली की ती कोणाच्या घरी जाईल हे आपल्या हाती राहत नाही. याच खेळात इशिकावा नावाचे धनुर्विद्येचे एक गुरुजी आहेत. त्यांची सर्वांत गुणी शिष्या शत्रूला तिरंदाजी शिकवते आहे आणि म्हातारे गुरुजी आपल्याच शिकवणीच्या मागावर रानोमाळ फिरत आहेत. शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही हा भाग हलकेपणाने घेता येणार नाही. पाणिपत तर बाजूला राहो, साधे दहावीच्या वर्गाचे गणित शिकवणाऱ्यालाही आपला मुलगा पुढे त्या हुशारीचे काय करेल, ही धास्ती कधी ना कधी वाटलेली असते.

म्हणजे मामा बरोबरच होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांची वकिली करताना त्यांचे सर्वांत काळे पान लपवणे योग्य नाही. विषप्रयोग झाल्यावर मामांना भाच्याला वाचवायचे असते. त्यांचा उपाय काय? दोष युनावर ढकल. ती चोर आहे, तिने तुला बिघडवले असे सांगू, तिला फाशी देऊ, तू सुटशील. जिने दोघांचेही प्राण वाचवले तिचा बळी! ज्या रीतीत समोरून वार करणे हा धर्म आहे, त्याच रीतीत खालच्या माणसाचे मोल इतके कमी आहे. जिन नकार देतो तो इथे, आणि त्याच्या सगळ्या लढायांमध्ये आम्हाला हा नकार मोठा वाटला. पण गंमत अशी की हा ताठ कणा त्याला मामांनीच दिलेला आहे. मामांचीच शिकवण तो मामांविरुद्ध वापरतो.

इथे इतिहासाचा एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे, कारण खेळ पाहून मुले इतिहास ठरवू लागतात. मामा ज्या रीतीची भाषा बोलतात ती १२७४ च्या जपानमध्ये त्या स्वरूपात नव्हती. त्याच काळात आकाराला आलेल्या, अंध गायक वाद्यावर गाऊन सांगत त्या 'हेइके मोनोगातारी'त ११८४ सालची एक प्रसिद्ध लढाई आहे. त्यात योशित्सुने हा सेनापती घोड्यांसकट उभ्या कड्यावरून उतरून शत्रूच्या पाठीवर पडतो, आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. १२८१ च्या स्वारीत सामुराई रात्री लहान होड्यांतून मंगोलांच्या जहाजांवर चढून कापाकापी करत. ताकेझाकी सुएनागा नावाचा एक खराखुरा सामुराई दोन्ही स्वाऱ्यांत लढला होता. पहिल्या लढाईतल्या पराक्रमाचे बक्षीस मिळाले नाही म्हणून तो १२७५ मध्ये थेट कामाकुरापर्यंत तक्रार घेऊन गेला, बक्षीस मिळवले, आणि पुढे आपल्या पराक्रमाची लांबलचक चित्रपट्टी काढून घेतली. ती आजही जपानमध्ये जपून ठेवली आहे. असा हा व्यवहारी गडी! सामुराईच्या निष्कलंक क्षात्रधर्माची जी मूर्ती आपण ओळखतो ती बरीचशी नंतरच्या शांततेच्या शतकांत घडली, जेव्हा तलवारी म्यानात गंजत होत्या. जगभर ती पोचवली इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकाने.

म्हणजे खेळ करणाऱ्यांनी अठराव्या-विसाव्या शतकातला मामा तेराव्या शतकात नेऊन बसवला आहे. आम्हाला हा दोष वाटतो, पण त्यातून आम्ही एक शिकलोही. 'पूर्वापार चालत आलेले' असे ज्याला आपण छातीठोकपणे म्हणतो, ते पुष्कळदा आजोबांच्या वयाचेच असते. आपल्या मंडळांत गणपतीच्या आरत्यांच्या क्रमावरून जे वाद होतात ते ज्यांनी ऐकले आहेत त्यांना याचा अर्थ लागेल.

अशीच चूक हायकूंची. बेटावर काही रम्य जागी जिन बसतो, समोरचे दृश्य पाहतो, आणि खेळणाऱ्याने निवडलेल्या ओळींतून तीन ओळींची कविता तयार होते. हायकू हा स्वतंत्र काव्यप्रकार म्हणून सतराव्या शतकात बाशोच्या काळी फुलला. जिनच्या काळात सुशिक्षित माणूस पाच ओळींची वाका रचत असे. तरीही हा भाग काढून टाकावा असे आम्हाला वाटत नाही. हाणामारीच्या खेळात खेळणाऱ्याला जबरदस्तीने दोन मिनिटे बसवून पानगळ पाहायला लावणे ही सोपी गोष्ट नव्हे. बौद्ध परंपरेतला अनित्याचा विचार जपानीत 'मुजो' या नावाने रुजला, आणि 'हेइके'ची सुरुवातच त्याने होते. खेळात तो कोणी बोलून दाखवत नाही. पाने गळत राहतात, तेवढेच.

आणि माणसे जात राहतात. युनाचा भाऊ ताका हा लोहार, भित्रा, प्रेमळ. खान त्याला जिनला मारायला सांगतो, तो नकार देतो आणि जिवे मारला जातो. सुरुवातीला आपण स्वतः निवडून, तीन नावांपैकी एक देऊन, जो घोडा घेतलेला असतो, तो मामांच्या किल्ल्यातून पळून जाताना बाण लागून बर्फात मरतो. यानंतर नवा घोडा मिळतो, पण आमच्या एका माजी विद्यार्थिनीने सांगितले की तिने त्याला कित्येक दिवस नावाने हाक मारली नाही.

सर्वांत हळुवार मरण युरिकोचे. ही साकाई घराण्यातली जुनी दाई. जिनला तिनेच खांद्यावर खेळवले आणि विष करायलाही तिनेच शिकवले. तिचे वय झाले आहे, मन भरकटते. चालता चालता ती जिनला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागते आणि त्या हाकेत एक जुने, कधी न बोललेले प्रेम आहे हे आपल्याला कळते. जिन तिची चूक दुरुस्त करत नाही. एका उंच जागी, समोर मोकळा मुलूख पसरलेला असताना, त्याच्या शेजारी बसल्या बसल्या ती जाते. घरात विसरत चाललेले आजी-आजोबा असलेल्या मुलांनी हा भाग खेळला असेल तर त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसेल. चूक दुरुस्त करायची की नाही, हा प्रश्न त्या घरांत रोज असतो.

याच युरिकोने जिनला सांगितलेले असते की तुझा बाप पाठीशी वारा होऊन आहे आणि आई झाडांवरचे पक्षी होऊन. हे ऐकल्यावर खेळाची एक गंमत एकदम गंभीर होते. इतर खेळांत वाट दाखवायला कोपऱ्यात नकाशा असतो, बाण असतात. इथे नाही. इथे वारा सुटतो, गवत ज्या बाजूला झुकेल तिकडे जायचे, आणि सोनेरी पक्षी दिसला तर त्याच्या मागे जायचे. म्हणजे तीस-चाळीस तास आपण मेलेल्या आईबापांच्या मागून चाललेलो होतो. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

वाऱ्यावरून आठवले. सप्टेंबर २०२० मध्ये, खेळ येऊन दोन महिने झाले होते तेव्हा, खऱ्या त्सुशिमावर वादळ आले आणि वाताझुमी देवळाचे समुद्राकडचे एक तोरी, म्हणजे आपण कमान म्हणू ते, कोसळले. देवळाने पन्नास लाख येन जमवण्यासाठी आवाहन केले. जगभरच्या खेळणाऱ्यांनी, ज्यांनी ते बेट कधी पाहिलेले नव्हते, दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक येन पाठवले. तोरी पुन्हा उभे राहिले. 'ही पोरे नुसती स्क्रीनमध्ये डोके घालून बसतात' असे म्हणताना हा आकडा लक्षात असू द्यावा. आपल्या संस्थेच्या सभागृहाच्या गळक्या छपरासाठी किती वर्षे पावतीपुस्तके फिरत आहेत, हे आम्ही इथे लिहीत नाही.

कौतुक पुरे. एका बाबतीत हा खेळ आम्हाला कच्चा वाटला आणि ती बाब मृत्यूचीच आहे. ताकाचे मरण मरण आहे, युरिकोचे आहे, घोड्याचेही आहे. पण जिन स्वतः मेला तर काय? काही नाही. पडदा काळा होतो आणि तो दोन पावले मागे पुन्हा उभा. शेकडो मंगोल मरतात त्यांना तर नावेही नाहीत. जो खेळ सतत मरणाची किंमत सांगतो, तो खेळणाऱ्याकडून मात्र ती वसूल करत नाही. सगळे खेळ असेच असतात असे म्हणून सोडून देता आले असते, पण आदल्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, 'सेकिरो' नावाचा जपानी खेळ आला होता. हिदेताका मियाझाकी यांनी केलेला. त्यातला नायक मेला तर जागच्या जागी पुन्हा उठू शकतो, पण तो पुन्हापुन्हा मरत राहिला की आसपासच्या माणसांना खोकल्याचा असाध्य वाटणारा रोग जडू लागतो. ज्या बाईने काल हसून बोलणे केले ती आज खोकते आहे, कारण तुम्ही काल निष्काळजीपणे अनेकदा मेलात. आपल्या न मरण्याचा हप्ता दुसरा भरतो! हे पाहून आमचा हात खरोखर जपून चालू लागला. त्सुशिमाच्या गोष्टीत ही अक्कल असती तर मामांची बाजू मांडायला आमची गरज पडली नसती.

आता ज्या शेवटावरून वाद झाला त्याकडे येतो. खान मेला आहे, बेट सुटले आहे. पण शोगुनचा हुकूम येतो की साकाई घराणे बरखास्त आणि जिनचे डोके हवे, ते शिमुरांनी आणावे. दत्तकाचा विषय संपला. मामा भाच्याला भेटायला बोलावतात. दोघे घोड्यावरून शेजारी शेजारी जातात, जुन्या गोष्टी बोलतात, पूर्वजांच्या थडग्यांपाशी लाल पानांच्या झाडाखाली बसून अखेरची कविता रचतात, आणि उठून लढतात. लढाई खेळणाऱ्याला जिंकावीच लागते. मामा खाली पडतात आणि म्हणतात की मला योद्ध्याचे मरण दे. खेळ तिथे थांबून तुम्हाला विचारतो: मारणार की सोडणार?

आमच्या विद्यार्थ्यांतले बहुसंख्य 'सोडणार' म्हणाले आणि त्यांना त्याचा अभिमान होता. दया केली, जुन्या रीतीचे जोखड झुगारले, वगैरे. आम्हाला हे पटत नाही. म्हाताऱ्याकडे आता काय उरले आहे? भाचा गेला, सैन्य गेले, शोगुनच्या हुकमाची तामिली झाली नाही म्हणून मानही गेला. त्याने आयुष्यात भाच्याकडे एकच गोष्ट मागितली, ती त्याच्या स्वतःच्या रीतीतली, आणि आपण ती 'आमच्या नव्या विचारात बसत नाही' म्हणून नाकारली. यात दया किती आणि आपलेच खरे करण्याची हौस किती? ज्या रीती आपण स्वतः पाळत नाही, त्या दुसऱ्याच्या शेवटच्या घटकेला त्याच्यासाठी पाळायच्या की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत वारंवार येतो. मुलगा देव मानत नाही पण वडिलांच्या तोंडात गंगाजळ घालतो. तो ढोंगी झाला असे आम्हाला कधी वाटलेले नाही.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे आम्ही नीट ऐकले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा युक्तिवाद आम्हाला अडवून गेला. तो म्हणाला, "सर, ज्यांनी मला बाप होऊन वाढवले त्यांच्यावर वार करायला सांगणारी रीत माझी असूच शकत नाही. मामांना वाईट वाटेल. वाटू दे. जिवंत राहून वाईट वाटू दे." या मुलाचे वडील तो अकरावीत असताना गेले, एवढेच आम्हाला माहीत आहे. आम्ही पुढे वाद वाढवला नाही.

आम्ही स्वतः वार केला. बटण दाबायला बराच वेळ लागला, आणि खेळही घाई करत नाही, ही त्याची सभ्यता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कंपनीचा पुढचा खेळ, 'घोस्ट ऑफ योतेई', आला. त्यात काळ आहे १६०३, जागा उत्तरेकडचे आजचे होक्काइदो, आणि नायिका आत्सु नावाची मुलगी. जिन आणि शिमुरा दोघांनाही जाऊन तीन शतके झालेली आहेत. त्याविषयी लिहायला आमच्यापेक्षा तरुण हात हवेत. ज्यांनी तो खेळला असेल, किंवा ज्यांनी मामांना सोडले असेल आणि आमच्यावर रागावले असतील, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. मजकूर सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला, आणि शक्यतो मराठीत.